खूण कधी करायची

साहेबांनी एक वर्कर बंद पाडला, तोही नेमका त्याच्या हातात काम असताना.

"आता बघू," ते म्हणाले आणि हाताची घडी घालून पडद्यासमोर उभे राहिले.

मास्तर जागेवरून उठून पडद्याजवळ आले. ऑफिसात सगळ्यांना तेच शिकवायचे, म्हणून ते मास्तर. सहा वर्षं घर सांभाळून परत नोकरीला आलेल्या बाईंसाठी शब्द त्यांनीच टाकला होता. आणि हे बाईंचं पहिलंच काम.

एका रक्तपेढीचे सर्व्हर क्लाउडवर होते. कुठे जागा संपत आली, कुठलं मशीन धापा टाकू लागलं, की तशी सूचना येऊन रांगेत उभी राहायची. बाईंनी लिहिलेले चार वर्कर, म्हणजे चार छोटे प्रोग्राम, एकेक सूचना उचलून योग्य माणसाला कळवायचे. काम झाल्याची खूण केली की सूचना रांगेतून जायची. एक जरी हरवली तर काम दुसऱ्याकडे देईन, असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

पडदा ढिम्म. दहा सेकंद गेले, वीस गेले. मास्तर घामाघूम, आणि बाई खुर्चीत स्वस्थ.

खूण झालीच नव्हती, म्हणून तिसाव्या सेकंदाला तीच सूचना पुन्हा रांगेत हजर! दुसऱ्या वर्करनं ती उचलली आणि कळवूनही टाकली.

साहेब इरेला पेटले. त्यांनी आणखी दोन वर्कर पाडले. उरलेल्या एकट्यानं सगळी रांग संपवली. वेळ लागला, पण एकही सूचना गळली नाही.

"कसं जमवलंत हे?" साहेबांचा आवाज जरा खाली आला होता.

"खूण शेवटी ठेवली," बाई म्हणाल्या. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना, तेव्हाची सवय. आधी कागदावर खूण केली आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, की गोळी राहून जाते. कागद मात्र म्हणतो, दिली. म्हणून त्यांनी गोळी गिळलेली डोळ्यांनी बघायची, मग खूण."

साहेब वळले. "मास्तर, तुमचीच शिकवण दिसतेय."

मास्तरांना इतका आनंद झाला होता की त्यांना खोटं बोलणं सुचलंच नाही.

"छे हो! माझ्या सगळ्या प्रोग्राममध्ये खूण आधी आहे," भर ऑफिसात, ताठ मानेनं ते म्हणाले. "आता बाईंसमोर वही घेऊन बसतो."