दोनशे अकरा हरकती

गाव जव्हार शहराच्या हद्दीत गेलं तर रोजगार हमीची कामं बंद होणार होती. ममताने रोहिदासदादाला सोबत घेऊन पाडे पालथे घातले. लिहिता न येणाऱ्यांच्या हरकती ती लिहायची, दादा अंगठे घ्यायचा.

"नीट लिही बाय," सुकीआजी म्हणाली होती, "काम गेला तं पुन्हा वीटभट्टीवर जावा लागल."

सुनावणीत साहेबांनी गठ्ठा बाजूला सारला. "दोनशे अकरा हरकती, अक्षर एकच. तुम्ही घरी बसून लिहिल्याची तक्रार आलीय. या सगळ्यांची मिळून एकच हरकत धरू."

"दादा, ऊठ. सांग यांना, अंगठे तूच घेतलेस."

रोहिदास खालीच बघत राहिला.



"त्यांना कशाला उठवता?" साहेब म्हणाले. "तक्रार त्यांचीच आहे."