अर्धा तास

हॉस्पिटलच्या डेटाबेसमधल्या जुन्या प्रोसिजर, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, काढून टाकण्याचं काम तिच्याकडे होतं. नव्या सॉफ्टवेअरला त्यांची गरज नव्हती. त्यातली एक मात्र काही रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर जाण्याआधी उगाचच अर्धा तास अडवून धरायची. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सकाळी तिने ती काढली, मेसेज धडाधड जाऊ लागले, साहेबांनी पाठ थोपटली. तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून तिने ती लिहिणाऱ्या निवृत्त काकांना फोन लावला. “काका, तो अर्धा तास कशासाठी होता हो?” “होता म्हणजे? काढलास की काय?” काकांचा आवाज चढला. “अगं, वाईट रिपोर्टच थांबायचे. मेसेजआधी डॉक्टरांनी जवळ बसून सांगावं म्हणून.” तिने काचेतून खालच्या हॉलकडे पाहिलं. बाकावरच्या बाईंचा मोबाईल वाजला. पर्समधला चष्मा शोधून त्या वाचू लागल्या. डॉक्टर अजून जिनाच उतरत होते.