दलालाचा गुडघा

“तुमी म्हणाल तसं, सिस्टर,” ज्ञानोबा म्हणाले.

नेमकं हेच वाक्य अंजूला नको होतं. लातूरच्या त्या दवाखान्यात नर्सबायांचं एक नवं शिक्षण चाललं होतं. रोग्यापुढं दोन वाटा असल्या की दोन्ही त्याला नीट समजावून सांगायच्या, पण निवड त्याची त्यालाच करू द्यायची. ऐकायला सोपं. अंजू त्यात दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी जिभेनं घात केला, दुसऱ्या वेळी मानेनं. ती नुसती मान डोलवत बसली होती, आणि रोगी बाई बाहेर जाऊन म्हणाली, “सिस्टर म्हणाल्या, करून टाका.” आज तिसरी वेळ. आज चुकलं तर पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्यापासून. शिकवणाऱ्या महामाया मॅडम पडद्याच्या पलीकडंच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

ज्ञानोबा देवणीचे. सत्तरी गाठलेली, अंगानं वाळके, आवाज गरिबाचा. उजवा गुडघा पार झिजलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन करून नवा गुडघा बसवता येईल, नाहीतर व्यायाम, गोळ्या आणि काठीवर काही वर्षं काढता येतील. घाई नाही. विचार करा.

अंजूच्या मनात ऑपरेशन होतं. तिच्या आईचे दोन्ही गुडघे बदलले होते आणि आई आता अहमदपूरच्या बाजारात पोरीसारखी फिरत होती. हे सांगायला तिची जीभ नुसती शिवशिवत होती.

“मामा, गुडघा तुमचा आहे,” ती म्हणाली. “मी म्हणेन तसं कसं चालेल?”

“आमाला काय कळतंय बाई? अडाणी माणूस मी.” ज्ञानोबांनी हात जोडले.

अंजूनं दोन कागद पुढं ठेवले. एकावर ऑपरेशनचं चित्र, एकावर व्यायामाचं. दोन्हींचं भलंबुरं तिनं पुन्हा एकदा सारख्याच आवाजात सांगितलं. ज्ञानोबांनी ऑपरेशनच्या कागदावर बोट ठेवलं आणि वर बघितलं. मग ते बोट हळूच दुसऱ्या कागदावर नेलं आणि पुन्हा वर बघितलं. अंजूनं मान ताठ धरली.

“बरं, एक सांगा,” ते कळवळून म्हणाले. “माझ्या जागी तुमचा बाप असता, तर काय केलं असतं?”

आईची गोष्ट ओठावर आली. तिनं ती गिळली.

“त्यांना विचारलं असतं, की बाबा, दिवसभरात तुम्हाला काय काय करावं लागतं? तेच तुम्हाला विचारते.”

“मी दलाल हाय. चाळीस वर्षं झाली, देवणीच्या बैलबाजारात दलाली करतोय. बैल पुढं आला की आधी खाली बसून खूर बघायचा. उकिडवं बसल्याबिगर खूर कळत न्हाई.”

“नव्या गुडघ्यावर तसं बसायचं नाही, मामा. दुखणं मात्र बरंच जाईल, चालणं सुधारेल.” मग तिनं विचारलं, “आत्ता बसता येतं का?”

“बसतो की! उठवायला दोघं लागतात.”

अंजूला हसू आवरलं नाही. पडद्यापलीकडं कुणीतरी खाकरलं. ती पुन्हा गंभीर झाली.

ज्ञानोबा मग काहीच बोलेनात. अंजूच्या तोंडाकडं एकटक बघत बसले. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतली ती काकुळत तिला बघवेना. काहीतरी बोलून त्याला सोडवावं, असं फार वाटलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि गप राहिली.

शेवटी ज्ञानोबांनी सुस्कारा टाकला.

“ऑपरेशन पुढं कधी करावं वाटलं, तर करता येतंय का?”

“येतं.”

“मग आत्ता नको. मला उठवायला माणसं लई हायती. माझ्याऐवजी खाली बसून खूर बघणारं कुणी न्हाई.” त्यांनी व्यायामाचा कागद उचलून घडी केली. “घ्या लिहून.”

अंजूनं लिहून घेतलं. जिवाला जरा लागलं, पण अक्षर हललं नाही.

पडदा सरकला. महामाया मॅडम आत आल्या.

“ज्ञानोबा, सिस्टरनं तुम्हाला काय सांगितलं?”

ज्ञानोबांनी दोन्ही वाटा धडाधड सांगितल्या. किती दिवस पडून राहावं लागेल, कुठल्या गोळीनं पोट बिघडतं, नवा गुडघा साधारण किती वर्षं टिकतो. काही म्हणता काही सुटलं नाही. अंजू बघतच राहिली. हाच का तो अडाणी माणूस?

“आणि सिस्टरच्या स्वतःच्या मनात काय होतं?” मॅडमनी हळूच विचारलं. “ऑपरेशन करावं, की करू नये?”

अंजूनं डोळे मिटून घेतले.

“त्येच तर कळलं न्हाई ना, बाई!” ज्ञानोबांनी मांडीवर थाप मारली. आवाजातला गरीबपणा कुठल्या कुठं गेला होता. “चाळीस वर्षं समोरच्याच्या मनातलं बाहेर काढून पोट भरलं. आधी पाया पडल्यासारखं करायचं, मग त्याच्या बापाचं नाव काढायचं, न्हाईच बधला तर तोंडाकडं बघत गप बसायचं. भले भले ओकतात. हिच्यावर समदं करून बघितलं, पर ही पोरगी काय हलंना! मग करता काय? शेवटी माझं मलाच ठरवावं लागलं.”