मूळ देश

कामावरून सुटलेल्या चांगुणाला उरणच्या बंदराचं फाटक बाहेर सोडेना. मुक्त व्यापार करार झाल्यापासून हे फाटक कणाकणावरून मालाचा मूळ देश ओळखायचं. आजपासून माणसांचाही ओळखू लागलं होतं.

“अंगातले निम्म्याहून जास्त कण परदेशी,” पहारेकऱ्यानं पडद्यावर वाचलं.

“अरे मेल्या, जन्म इथला माझा!”

“पण मावशी, स्वस्त म्हणून वर्षानुवर्षं खाल्लंत बाहेरचंच ना? बाहेरचा माल असता तर लगेच सोडला असता. बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. आता इथलंच अन्न खा, अंग पालटलं की जा.”

पलीकडून नवऱ्यानं जाळीतून डबा सरकवला. “घरचं आहे गं, पोटभर जेव.”

चांगुणानं झाकण उघडलं. भात, डाळ, तेल, सगळं करारातल्या जहाजांतून आलेलं, तिनंच उतरवलेलं. उरणचं होतं ते फक्त मीठ.