अंगठा

काटेरी मासा आधी पिशवीत टाकायचा, हे सासूनं शंभरदा बजावलं होतं. पण तलावाच्या मध्यावर हवेच्या ट्यूबवर बसून जाळं उचलणाऱ्या सुनेला जाळ्यातलं एवढं माशाचं धूड बघून राहवलं नाही. सासूला दाखवायला तिनं ते ट्यूबवरच ठेवलं. फुस्स! काटा घुसला. तिनं भोकावर अंगठा दाबला. खाली चार पुरुष खोल पाणी, पोहण्याच्या नावानं बोंब. एका हातानं वल्हवलं तर ट्यूब जागीच फिरे. "अगं, दोरी धर!" सासू काठावरून किंचाळली. जाळ्याची दोरी काठावरच्याच खुंटाला बांधलेली. सुनेनं ती ओढली, दातांत धरली, पुन्हा ओढली. हात, दात, हात. ट्यूब मऊ पडत गेली, पाणी कमरेवरून छातीवर चढलं, आणि एकदाचा पायांना चिखल लागला. सासूनं तिला कवटाळलं. "सोड आता, पोरी. हवा कधीच संपली." सुनेनं मान डोलावली. अंगठा मात्र उचलेना.