उशिराचं कारण

'दप्तरी दाखल'चा शिक्का शाईच्या गादीवर टेकवून झाला होता, तेवढ्यात टेबलासमोर एक पोस्टमन येऊन उभा राहिला.

"टपाल तिसऱ्या मजल्यावर," बाईंनी मान वर न करता सांगितलं. "इथे वाहतूक."

"वाहतूकच पाहिजे," तो म्हणाला. "बसचं काम आहे."

मंत्रालय एकच. पाटीवर वाहतूक आणि दळणवळण शेजारी शेजारी नांदत होती, पण आत दोन्ही मजल्यांचं एका घरात दोन चुली असं चाललेलं. दुसऱ्या मजल्यावरचा कागद तिसऱ्यावर गेलेला बाईंनी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. बाईंकडे आलेली फाईल सहसा मिटूनच जायची. पाठीमागे सगळे त्यांना दाखलबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पोस्टमनने खिशातून पत्र काढलं. "हे तुमचंच. गेल्या आठवड्यात मीच वस्तीवर नेऊन दिलं. डोंगरापलीकडच्या वस्तीला बस हवी, असा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज आहे. आज पाच वाजेपर्यंत प्रवाशांचा आकडा आला नाही, तर फाईल बंद."

फाईल समोरच होती. बाईंनी पान उलटलं. "तुमच्या थांब्यावर मोजणीवाले दिवसभर बसले होते. प्रवासी शून्य."

"बसच येत नाही, तर थांब्यावर थांबेल कोण? त्या दिवशी चौदा माणसं घेऊन मी त्यांच्या समोरून गेलो. म्हणाले, चालणारा तो प्रवासी नव्हे, थांबलात तर धरू."

विहीर नाही म्हणून पाण्याला कोणी येत नाही, आणि पाण्याला कोणी येत नाही म्हणून विहीर नको. बाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं.

"एवढी माणसं तुमच्याबरोबर कशाला?"

"बारा किलोमीटर जंगल आहे बाई. एकटं कोणी जात नाही. माझी वेळ ठरलेली, म्हणून सगळे माझ्याबरोबर निघतात. शाळेच्या मुली, दवाखान्याला जाणारे." त्याने पत्राची घडी घातली. "या महिन्याअखेर मी निवृत्त होतोय. माझ्या जागी माणूस देणार नाहीत, टपाल आठवड्यातून एकदा जीपने येईल. मुलींचे बाप आत्तापासून म्हणायला लागलेत, झाली तेवढी शाळा पुरे."

बाईंना वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याने फाईल हलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार. "आकडा लागतो हो. तोही शिक्क्याचा. तोंडी चालत नाही."

"तो कुठून आणू?" पोस्टमनने पिशवी खांद्याला अडकवली, आणि पुन्हा खाली ठेवून एक वही काढली. "मग एवढं तरी करा. इथे आलो म्हणून आजचं टपाल राहिलं. वहीत उशिराचं कारण लिहून सही-शिक्का द्या. नाहीतर वरचे परत ठपका ठेवतील."

वहीच्या कडा घामाने मऊ पडल्या होत्या. कोरं पान शोधता शोधता बाई मधल्याच एका पानावर अडकल्या.

'उशीर चाळीस मिनिटं. कारण : बरोबर सोळा जण. एका आजींचा पाय मुरगळला, पाठीवर घेतलं.'

'उशीर वीस मिनिटं. कारण : बरोबर अकरा जण, पैकी मुली सात. ओढ्याला पाणी. एकेकीला हात धरून उतरवलं.'

'उशीर दोन तास. कारण : नऊ जण निघालो, दहा जण पोचलो. बाळ-बाळंतीण सुखरूप.'

हे तिसरं पान बाईंनी दोनदा वाचलं. प्रत्येक पानाखाली तिसऱ्या मजल्याचा गोल शिक्का होता, आणि लाल शाईत शेरा : कारण असमाधानकारक.

"हे रोज लिहिता?"

"उशीर झाला की लिहायचं, असा नियम आहे." पोस्टमन ओशाळला. "तीन वर्षं रोजच उशीर झालाय."

बाई उठल्या. वही घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. पोस्टमनला काही उमगलं नाही, तो मागोमाग जाऊन दारात उभा राहिला.

"साहेब, त्या बसचा आकडा सापडला. तीन वर्षांचा, रोजचा, शिक्क्यासकट."

साहेबांनी वही डोळ्यांजवळ धरली. "हा टपालाचा शिक्का आहे."

"मंत्रालय तर आपलंच ना?"

"आणि खाली असमाधानकारक लिहिलंय."

"असमाधानकारक लिहिलंय, खोटं नाही लिहिलं. या आकड्यांवर आपण ह्यांच्यावर तीन वर्षं ठपके ठेवले, साहेब. म्हणजे आकडे आपल्याला मान्य आहेत."

साहेबांनी कान खाजवला. पानं उलटत राहिले. कुठल्या तरी पानाशी ते जरा जास्त वेळ थांबले, आणि ते कोणतं पान, हे बाईंना न बघताच कळलं. मग त्यांनी फाईल ओढून घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "रोज दोन फेऱ्या. पहिल्या तारखेपासून. आधी सहा महिने, मग पुढचं."

पोस्टमन दारातच खाली बसला. शिपायाने त्याला पाणी आणून दिलं.

बाई जागेवर परतल्या तेव्हा शिक्क्यावरची शाई वाळून गेली होती. त्यांनी तो खणात टाकला. वहीचं कोरं पान काढून तारीख घातली. उशीर : एक दिवस. सत्तावीस वर्षं ठरलेले दोन शब्द उमटवणारा हात कारणापाशी जरा अडखळला.

"काय लिहिताय?" पोस्टमनने मान उंचावून विचारलं. "वर चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" बाई म्हणाल्या, आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं :

'कारण : पोस्टमन बस आणायला गेले होते.'