एरंडेलाचा वास

जेरोतिचचा नवरा किमारू आजही दुधाचा तुंबा घेऊन पलीकडच्या टेकडीवर गेला, आणि ती चुलीवरची मक्याच्या पिठाची उगाली ढवळायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ती भानावर आली.

पलीकडे चेलागात राहत होती. एके काळी दोघी एकाच मळ्यात चहा खुडत, एकाच तुंब्यातलं आंबट दूध पीत. आता त्या घरावरचा धूर दिसला तरी जेरोतिचचा जळफळाट होई.

किमारू घरी आला की ती आधी त्याचा शर्ट काढून घेई आणि हुंगून बघे. शर्टाला एरंडेलाचा वास असे. तिच्या घरात केसांना एरंडेल कोणीच लावत नव्हतं.

पुरावे कसले हुंगतेस, सरळ जाऊन भांड, असं शेजारीण म्हणाली. तीन मुलग्यांची आई तू, तुझ्याशी बरोबरी कोण करणार? तीन मुलग्यांचं नाव निघताच जेरोतिचचं तोंड आणखीच उतरलं.

शेवटी ती गेली. चेलागात पाण्याला गेली होती. अंगणात चेलागातचा नवरा चहा पीत बसला होता, म्हणजे तापसुबेई म्हातारी. ज्या बाईला मुलगा नाही तिनेच वंशासाठी बायको करायची, ही तिथली जुनी रीत. तापसुबेईने वडीलधाऱ्यांसमोर चेलागातच्या माहेरी गाई देऊन तिचं देज भरलं होतं. तेव्हापासून ती पुरुषांत बसे, डोक्यावर मोळी घेत नसे, आणि गाव तिला बाबा म्हणे.

"बाबा, तुमच्या बायकोला आवरा," जेरोतिच म्हणाली. "माझा नवरा सारखा इथंच पडलेला असतो."

"मीच बोलावते त्याला. वारस मला हवाय, आणि तो काय मी देणार? तुझे तिघे बघितले, म्हटलं बियाणं चांगलं आहे."

"तुम्हाला वारस मिळेल. मी मात्र तिकडे जळत बसते."

तापसुबेईने कप खाली ठेवला. या वयात तिला कुणाचे तळतळाट घ्यायचे नव्हते.

"तुझा संसार मोडून मला काही नको, पोरी. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगते. दुसरा कोणी बघू."

जेरोतिचचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तिने म्हातारीचा हातच धरला.

"नको," ती घाईने म्हणाली. "त्यालाच येऊ द्या."

म्हातारीने कप पुन्हा उचलला.

संध्याकाळी किमारू पलीकडून परतला. जेरोतिचने नेहमीसारखा त्याचा शर्ट काढून घेतला, मक्याच्या कणगीमागे गेली आणि त्यात तोंड खुपसून उभी राहिली. वास अजून ताजा होता.

"हे तीन मुलगे झाले नसते ना, चेलागात," ती हलकेच म्हणाली, "तर तुझं देज मी भरलं असतं."